नीतीचे वीस क्रेडिट

आमच्या नेरुळच्या एका स्नेह्यांच्या मुलीने परवा घरात जाहीर केलं की, ती मायनरला 'प्रोफेशनल अँड अप्लाइड एथिक्स' घेणार. घरात जरा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग तिचा बाप, जो बांधकाम व्यवसायात 'लायझनिंग' नावाचं काम करतो, कळवळून म्हणाला, “अगं, पण त्याला स्कोप काय?”

बापाचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. त्याची टिंगल करू नये.

ज्यांच्या पदव्या जुन्या मापाच्या आहेत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी कशी असावी, याचा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी काढला. स्वायत्त कॉलेजांत त्याच वर्षी आणि मुंबई विद्यापीठाच्या बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची फोडणी बदलली. मुख्य विषय तो मेजर. जोडीचा तो मायनर, १८ ते २० क्रेडिटचा. वर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली आणि 'व्हॅल्यू एज्युकेशन'चे चार क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. वीस क्रेडिटचे झाले तीनशे. मोटार ट्रेनिंग स्कूलवाले महिन्याभरात माणसाला पामबीचवर मोकळा सोडतात. त्या मानाने सदसद्विवेकाला तीनशे तास पुष्कळच झाले.

हे क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. म्हणजे नीती आता खात्यावर शिल्लक दिसते. त्यावर कर्ज काढायची सोय अजून झालेली नाही, पण ती सोय आपल्याकडे बँकेबाहेर पहिल्यापासून आहे.

आता, नीती हा विषय कॉलेजात नको, असं मी म्हणत नाही. उलट हवाच. माझं भांडण वेगळं आहे, तिकडे येतो. आधी एक गैरसमज काढून टाकू, की या देशात नीतिशिक्षणाचा दुष्काळ आहे. तसं बिलकूल नाही. पाणी तुंबलंय इतका पाऊस आहे.

शाळेत परिपाठाला मूल्यशिक्षण होतंच. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा. त्या तासाला गणिताचे सर हमखास यायचे आणि राहिलेली उदाहरणं सोडवून घ्यायचे. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला २०१९ च्या अभ्यासक्रमात 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' आहे. पोरांच्या तोंडी 'पीसीई'. पाचव्या सेमिस्टरला त्यात तांत्रिक अहवाल, रिझ्युमे, ग्रुप डिस्कशन, मुलाखत, मीटिंगचं इतिवृत्त हे सगळं आटोपलं की कॉर्पोरेट एथिक्स येतं. क्रम विचार करूनच लावलेला दिसतो. आधी रिझ्युमे लिहून घ्या, सत्याचं मागाहून बघू.

एआयसीटीईचं 'युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज' आहे. पीएचडीवाल्यांना २०२० पासून 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'चे दोन क्रेडिट सक्तीचे आहेत. यूजीसीने २०१९ साली 'मूल्यप्रवाह' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ साली सुधारून परत काढली. पहिला प्रवाह मध्येच कुठेतरी जिरला असावा.

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून 'एटकॉम' आहे. वृत्ती, नीती आणि संवाद, पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत. उत्तम अभ्यासक्रम आहे, मी वाचलाय. पण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. ते दोघे 'एटकॉम'च्या आधीचे होते, असं म्हणून अभ्यासक्रमवाल्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकायला हरकत नाही. त्या मुलाला बाल न्याय मंडळाने आधी काय सांगितलं, ते महाराष्ट्राला पाठ आहे: अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिही. उपयोजित नीतिशास्त्राचा इतका आटोपशीर अभ्यासक्रम कुठल्याही विद्यापीठाला जमलेला नाही.

आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे यूपीएससीचा पेपर चौथा. एथिक्स, इंटिग्रिटी अँड ॲप्टिट्यूड. २०१३ पासून, २५० गुण, तीन तास. आता एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतही तो आलाय, त्यामुळे पुण्याच्या सदाशिव पेठेत नीती किलोने मिळते. नोट्स स्पायरल बायंडिंगमध्ये. क्लासवाले तयारी अशी करून घेतात: प्रश्नात 'तुम्ही कार्यकारी अभियंता आहात, पुलाचं सिमेंट हलकं आहे, वरिष्ठांना उद्घाटनाची घाई आहे' असं आलं की आधी संबंधितांची आकृती काढायची. मधे गोल, भोवती बाण. मग तीन पर्याय. पहिला, गप्प बसणे, फायदे-तोटे. दुसरा, राजीनामा देणे, फायदे-तोटे. तिसरा, 'वरिष्ठांच्या निदर्शनास आणून देऊन मध्यममार्ग काढणे'. हा तिसरा निवडायचा. शेवटी गांधीजींचं एक वाक्य, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं. झाले गुण.

मला सांगा, ज्या खात्यात हलकं सिमेंट वरिष्ठांनीच मागवलेलं असतं, तिथे ते वरिष्ठांच्या निदर्शनास आणून द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नोट्समध्ये हा प्रश्न येत नाही. आला तर पाच-दहा गुण जातील.

या पेपरातून पार होऊन आलेला एक प्रशिक्षणार्थी आयपीएस २०१७ साली चेन्नईत मुख्य परीक्षा पुन्हा देताना ब्लूटूथवर उत्तरं ऐकताना पकडला गेला. पुण्यात प्रोबेशनवर असताना खासगी ऑडीवर दिवा लावल्यामुळे देशभर गाजलेल्या अधिकाऱ्याची उमेदवारी यूपीएससीने ३१ जुलै २०२४ रोजी रद्द केली. पेपर चौथा दोघांनीही दिलेला होता. तेव्हा पेपर लिहिता येणं आणि तसं वागणं यांची भेट घडवून आणणारा क्लास अजून निघायचाय. निघाला की त्याच्या फीवर जीएसटी लागेल.

*

आता कॉलेजच्या फाटकाबाहेर चला. नवी मुंबईत कुठल्याही कॉलेजच्या फाटकापासून पन्नास पावलांवर एक झेरॉक्सचं दुकान असतं. नाव काहीही असो, पोरं त्याला 'दादा' म्हणतात. मार्च-एप्रिलात दादा राजा असतो. काउंटरवर काळ्या रेक्झिनचे गठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव, वर्ष, 'सादर करणार' आणि 'मार्गदर्शक'. हेच ते ब्लॅक बुक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी ज्याला ब्लॅक बुक म्हणजे काय ते माहीत नाही, त्याची पदवी तपासून घ्यावी. परवा मी अशाच एका दादाकडे आधार कार्डाची प्रत काढायला उभा होतो. शेजारी एक मुलगा.

“दादा, एथिक्सचं आहे का?”

“कुठलं? पीसीई की यूएचव्ही?”

“पीसीई. केस स्टडी.”

“इन्फोसिस हवी का टाटा? सत्यम संपली, सगळ्यांनी नेली. सर ओळखतात आता.”

मुलाने टाटा घेतली. दादाने पेनड्राइव्ह लावता लावता विचारलं, “चेक करून देऊ का? दहाच्या आत आणून देतो.”

हे 'दहाच्या आत' तुम्हाला कळलं नसेल तर सांगतो, कारण यात दादाचा कायद्याचा अभ्यास कित्येक प्राध्यापकांपेक्षा बरा आहे. यूजीसीने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखायचे नियम केले. नियम संशोधन-प्रबंधांचे, पण पदवीच्या सबमिशनलाही हाच गज लावायची पद्धत पडली आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत सुधारून आणा. चाळीस ते साठ, तर वर्षभर बंदी. साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हेतू स्वच्छ होता; उद्धृतं, व्याख्या, ठरावीक वाक्यं यांना सूट हवीच. पण आपण नियम वाचतो तो हेतूसाठी नव्हे, पट्टीसाठी. दहा टक्क्यांची सवलत आहे म्हटल्यावर दहा टक्के वापरलेच पाहिजेत, नाहीतर वाया जातात. आणि उरलेले नव्वद कुठून आले हे यंत्राला विचारता येत नाही. आता तर ते दुसऱ्या यंत्रातून येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिक धोक्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेनेच तपासायचा, इतकं स्वावलंबन बापूंनाही सुचलं नव्हतं.

दोष पोराचा म्हणाल, तर थांबा. त्याच्या ब्लॅक बुकवर 'मार्गदर्शक' म्हणून ज्यांची सही आहे त्यांनी ते उघडलं असेल का? वर्गात साठ-सत्तर पोरं, व्हायवाला प्रत्येकी पाच मिनिटं, बाहेरच्या परीक्षकाला परत जाताना ट्रॅफिक लागायच्या आत निघायचंय. सही पानावर नाही, रांगेवर होते.

आणि ही नीती शिकवणार कोण? नव्या रचनेत ज्यांचा वर्कलोड कमी पडला त्यांना 'व्हॅल्यू एज्युकेशन' देऊन तास भरून काढायची चाल सर्रास आहे. बाकी तासिका तत्त्वावरचे. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे. दिवाळीची सुटी, पैसे नाहीत. परीक्षा सुरू, पैसे नाहीत. मे महिना, देवाचं नाव घ्या. वितरणात्मक न्याय म्हणजे काय, हे मास्तर खारघरला सकाळी शिकवतो आणि दुपारी त्याच विषयाच्या दुसऱ्या तासासाठी लोकल पकडून ऐरोलीला जातो, कारण एका कॉलेजच्या तासांत घरभाडं निघत नाही. पोरांना न्यायाची दुसरी व्याख्या लागत नाही, समोर फळ्यापाशी उभी असते.

तत्त्वज्ञान विभागाचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात मे. पुं. रेगे होते, विदर्भात दि. य. देशपांडे होते, देशपांड्यांनी १९९० साली नागपुरातून मासिक काढून विवेकवादावर मराठीत रोखठोक लिहिलं. त्यांच्या विषयाचे विभाग गेली काही दशकं एकेक करून मिटत गेले, 'स्कोप नाही' म्हणूनच. आता तोच विषय सूट घालून, टाय लावून, 'प्रोफेशनल' होऊन मागच्या दाराने परत येतोय. येऊ दे. निदान पगार तरी सुटावा.

बरं, कॉलेजच्या नीतीचं मोजमाप करणारी यंत्रणा आहेच की. नॅक. तिच्या मूल्यांकनाचा सातवा निकष आहे 'संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम प्रथा'. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्रातल्या एका विद्यापीठाच्या तपासणीला गेलेल्या नॅकच्या समितीतल्या मंडळींना, चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. रोकड, सोनं, मोबाइल, लॅपटॉप. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचेत, त्यामुळे मी काही बोलत नाही. उत्तम प्रथा कुठल्या, एवढंच विचारायचं होतं.

*

आता मूळ भांडणाकडे.

नीतिशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक ट्रॉली येते. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने १९६७ साली मांडलेलं कोडं. ब्रेक गेलेली ट्रॉली पाच जणांवर चाललीय, सांधा बदलला तर दुसऱ्या रुळावरचा एकच मरेल. तुम्ही काय कराल? जगभरच्या वर्गांत या ट्रॉलीखाली पाच पाच माणसं गेली साठेक वर्षं मरताहेत. छान कोडं आहे. त्यात एकच उणीव. ट्रॉली कुणाच्या कंपनीची होती, ब्रेक कुणी पास केले, बिल कुणी काढलं, हे विचारायचं नसतं. तुम्ही सांध्यापाशी एकटे, वरती कुणी साहेब नाही, खिशात होम लोनचा हप्ता नाही.

आमच्याकडे दिघा आहे, ट्रॉलीची काय गरज?

दिघा म्हणजे नवी मुंबईचं ठाण्याकडचं टोक. आता तिथे दिघा गाव नावाचं स्टेशनही झालंय, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेलं. या दिघ्यात एमआयडीसी, सिडको आणि सरकारच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. एकदोन नव्हे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला तेव्हा आकडा होता ९९. आता चार-पाच मजली इमारत ही रात्रीतून उगवणारी छत्री नव्हे. कुणीतरी नकाशा काढला. कुणीतरी सळ्यांचा हिशेब केला. कुणीतरी कॉंक्रीट पाठवलं. खरेदीचा कागद कुठल्या तरी वकिलाच्या टेबलावर तयार झाला, त्याला स्टॅम्प लागला. विजेचं मीटर बसलं. पाणी आलं. प्रत्येक ठिकाणी एक शिकलेला माणूस बसलेला होता, आणि त्यातल्या प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं! इंजिनिअरची इमारत पडली नाही, वकिलाच्या कागदात व्याकरणाची चूक नव्हती, मीटर बरोबर फिरत होतं. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतलं त्या माणसाला मात्र उघड्यावर यायची वेळ आली, आणि पोरांची वह्या-पुस्तकं हातात घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. मग सरकारने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बेकायदा बांधकामं नियमित करायचं धोरण पुढे केलं. म्हणजे कायदा पाळणारा तेवढा मूर्ख ठरला.

हे कोडं वर्गात टाका. ज्याने घर घेतलं त्याला बेघर करणं न्याय का? नाही केलं तर पुढच्या नव्याण्णवांना परवाना दिल्यासारखं नाही का? आणि मीटर बसवणाऱ्याची जबाबदारी किती? तीनशे तास पुरायचे नाहीत. पण मला एकही अभ्यासक्रम दाखवा ज्यात दिघा आहे. एन्रॉन असतं. फोर्ड पिंटो असते. चॅलेंजर यान असतं. सगळी दूरची, सगळी मेलेली, आणि मुख्य म्हणजे त्यातलं कुणीही कॉलेजच्या ट्रस्टींच्या ओळखीचं नसतं.

दुसरं प्रकरण. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे नवी मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला महासभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला: बाजूने १०४, विरोधात ६. ज्या सभागृहात गटार कुठून न्यायचं यावर एकमत होत नाही, तिथे राष्ट्रवादी, शिवसेना, काँग्रेस एका बाजूला बसले. मुख्यमंत्र्यांनी लगेच हलवलं नाही. मार्च २०१७ मध्ये बदली झाली, पुण्याला पीएमपीएमएलला. मुंढे बरोबर होते की हेकट, यावर वाशीच्या कट्ट्यांवर आजही दोन तट पडतात, आणि पडू देत. नियमावर बोट ठेवणारा अधिकारी आणि निवडून आलेलं सभागृह यांत शेवटचा शब्द कुणाचा, हा लोकशाहीतला खरा अवघड प्रश्न आहे. १०४ माणसं एकाच वेळी स्वार्थीच असली पाहिजेत असं नाही. सहा माणसं एकाच वेळी तत्त्वनिष्ठ असतात असंही नाही. ती सहाही एकाच पक्षाची होती. असा प्रश्न हाताशी असताना पोरं 'कांट विरुद्ध मिल' दहा मार्कांना पाठ करताहेत.

तिसरं, तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट. एप्रिलात तिथल्या फळबाजारात जाऊन बघा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. बाकी कुठल्याही आंब्याने स्वतःला हापूस म्हणवून घ्यायचं नाही. आंबा गरीब, तो काही म्हणवून घेत नाही. म्हणवणारे वेगळे. लाकडी पेटीवर ठसठशीत 'देवगड', वरती गवत, गवतावर एकसारखी बारा फळं. जाणकार गिऱ्हाईक आंब्याचा वास घेत नाही, पेटीच्या तळाचा कागद उपसून बघतं. कागद कानडी वर्तमानपत्राचा निघाला की आंब्याचा गाव कळतो. शेवटी देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं. फोनवरून क्रमांक पाठवा, आंबा कुणाचा ते कळेल. व्यापाऱ्याच्या शब्दाची जागा स्टिकरने घेतली. व्यावसायिक नीतीचा याहून स्वस्त धडा नाही, आणि शेवटी कापून खाता येतो.

फ्लेमिंगोंचं तर मी सांगतच नाही. चौकाचौकात फायबरचे गुलाबी फ्लेमिंगो उभे करून 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवणाऱ्या शहरात, सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आखला गेला होता. तो २०१८ साली उच्च न्यायालयाने अडवला. २०२४ साली नेरुळच्या तळ्याकाठी खरे फ्लेमिंगो मेलेले सापडले आणि भरतीचं पाणी तळ्यात यायचे मार्ग बंद झालेत म्हणून पक्षीप्रेमी घसा फोडून ओरडत होते. फायबरच्यांना भरती लागत नाही. ती पाणथळ जमीन कोरडी असल्याचा कागद कुठल्या तज्ज्ञाच्या सहीने तयार होतो, एवढं एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टला पुरेल.

*

या सगळ्या प्रकरणांत मला एकच दिसतं. चूक काय आणि बरोबर काय हे कुणालाच शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पेटीवर 'देवगड' लिहिणाऱ्याला आंबा कुठला ते माहीत असतंच, तोच तर उतरवून घेतो. ज्याला हे माहीत नाही असा इंजिनिअर, डॉक्टर, वकील, सीए मला अजून भेटलेला नाही. त्यांना जमत नाही ते एवढंच: साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून, नोकरी शाबूत ठेवून, 'मी सही करणार नाही' हे म्हणणं. कुठल्या शब्दांत म्हणायचं? तोंडी की लेखी? लेखी तर आवक-जावक नोंदवहीत शिक्का मारून घ्यायचा की नाही? प्रत कुणाला द्यायची? सोबतीला कोण? बदली झाली तर प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जायचं की गप गडचिरोलीला? घरी बायकोला काय सांगायचं? हे तंत्र आहे, शिकवता येतं, आणि वीस क्रेडिटचं निश्चित आहे.

आपल्याकडे शिकवायला माणसंही आहेत. १९९३ साली मुंबईतल्या काही डॉक्टरांनी आपल्याच धंद्यातल्या गैरप्रकारांवर बोलायला एक नियतकालिक काढलं, ते आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून जगात वाचलं जातं. कुणी त्यांना क्रेडिट दिले नव्हते. सहव्यावसायिकांनी बोल तेवढे लावले असतील.

मग कॉलेजं हे का शिकवत नाहीत? कारण सरळ आहे. 'नाही' म्हणायला शिकलेली पोरगी तो पहिला प्रयोग लांब जाऊन करणार नाही. ती तळमजल्यावरच्या कॉलेजच्या ऑफिसात जाईल. पावती का नाही, विचारेल. कॅपिटेशन फी बंदीचा कायदा महाराष्ट्रात १९८७ सालचा आहे आणि 'डोनेशन किती?' हा प्रश्न आजही नातेवाइकांत जावयाच्या पगाराइतक्याच सहजपणे विचारला जातो, असं का, म्हणेल. तपासणी समिती आली त्या दिवशी प्रयोगशाळेत दिसलेले तीन प्राध्यापक पुन्हा कधी का दिसले नाहीत, याची चौकशी करेल. प्रॉक्सी लावायला नकार देईल तो देईल, वर मास्तरांच्या हजेरीचा मस्टर बघायला मागेल. अशी वीस पोरं निघाली तर मायनर कुणाचा बंद पडेल सांगा!

म्हणून ट्रॉली बरी. ट्रॉली ऑफिसात येत नाही.

स्नेह्यांच्या त्या मुलीला मी मात्र सांगितलं, घे. जरूर घे. फक्त पहिल्या दिवशी वर्गात विजय पांढऱ्यांचं नाव काढ आणि मास्तरांचा चेहरा बघ. जलसंपदा खात्याचे मुख्य अभियंता. फेब्रुवारी २०१२ मध्ये या माणसाने मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहिलं, की सिंचन प्रकल्पांचे खर्च बेहिशेबी फुगवलेत, कामं निकृष्ट आहेत, उपसा योजना चालत नाहीत. खात्यात असताना. लेखी. स्वतःच्या सहीने. त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला, डिसेंबरात ते पदावर परतलेही. श्वेतपत्रिका निघाली. पांढऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, २०१४ साली नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. नाशिककरांना ते प्रामाणिक वाटत नव्हते असं नाही. प्रामाणिक माणसाविषयी आदर वाटतो. मत वेगळ्या खात्यातून दिलं जातं.

पांढरे निदान सुखरूप राहिले. सत्येंद्र दुबे राहिला नाही. आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर, महामार्ग प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवलं, नाव गुप्त ठेवा असं विनवलं. नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्याला गोळी घातली. देशभर हळहळ झाली, कोर्टकज्जे झाले, आणि गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा करायला संसदेला आणखी दहा वर्षं लागली. मुलीच्या बापाने मला पुन्हा विचारलं, स्कोप काय? त्याला म्हटलं, तो कायदा शोधून वाच, मग बोलू. २०१४ च्या मे महिन्यात राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. कलम पहिलंच सांगतं की, केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून तो लागू होईल.

ती अधिसूचना अजून निघालेली नाही.